स्पोर्ट्स कार हीट मारतेय? पार्ट बदलायच्या आधी हे वाचा

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, दहा-पंधरा वर्षं जुनी, नवी असताना जिच्याकडे फक्त बघून पुढे गेलो असतो ती आता आवाक्यात आली, इथपर्यंत सगळं छान. मग पहिल्याच मे महिन्यात वेस्टर्न एक्सप्रेसवर अंधेरीला अडकता आणि टेंपरेचरचा काटा हळूच मधली रेघ सोडतो. आणि मग सल्ल्यांचा पाऊस, एक म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह), दुसरा म्हणतो वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप), तिसरा म्हणतो मुंबईच्या उन्हात ह्या फॉरेनच्या गाड्या अशाच.

तिसऱ्याचं आधी खोडून काढतो. कूलंट १०० डिग्रीला आणि बाहेरची हवा २५ ला असेल तर रेडिएटरला उष्णता फेकायला ७५ चा फरक मिळतो, हवा ३५ ला गेली तर ६५ चा. म्हणजे काम थोडं जड झालं, अशक्य नाही झालं. ठीकठाक सिस्टिम हे आरामात झेलते. ऊन फक्त लपलेला फॉल्ट बाहेर काढतं. जानेवारीत दिसत नव्हता तो मे मध्ये दिसला एवढंच.

मी ह्या चक्रातून एका जुन्या मिड-इंजिन (इंजिन सीटच्या मागे) दोन सीटरवर गेलोय, म्हणून एकच गोष्ट डोक्यात ठेवा असं सांगेन: गाडी का तापते हे कळायच्या आधी गाडी कधी तापते हे कळायला पाहिजे. तेवढं नीट कळलं की अर्धे पार्ट संशयातून आपोआप बाहेर पडतात, आणि ह्या गाड्यांचे पार्ट कसे येतात नि किती वेळाने येतात ते माहितीये ना.

## आधी हे: काटा चढतोय आणि तुम्ही ट्रॅफिकमध्ये आहात

एसी बंद, हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल, काचा खाली. घाम निघेल पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो थोडी उष्णता आत ओढतो. काटा खाली यायला लागला तर हळूहळू कडेला घ्या. चढतच राहिला, लाल दिवा आला, वाफ दिसली किंवा हीटरमधून अचानक थंड हवा यायला लागली तर मात्र पुढच्या सिग्नलपर्यंत नेतो वगैरे नको, सुरक्षित जागा दिसली की थांबा आणि इंजिन बंद.

हीटरमधून थंड हवा का वाईट? कारण आत कूलंटच उरलेलं नाही. आणि अशा वेळी काटा कधीकधी उलट खाली येतो, कारण सेन्सर कूलंटमध्ये नाही तर हवेत किंवा वाफेत लटकतोय. लोक खूश होतात, बरं झालं, थंड झाली, आणि तसंच दामटवतात. हेड (इंजिनाचा वरचा भाग) जातं ते इथे.

कूलंटच्या टाकीची कॅप उघडायची नाही. जाड फडकं धरून पण नाही. वरचा होज पाईप हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबायचं, तासभर तरी धरून चला. आणि गरम इंजिनवर गार पाण्याची बाटली ओतणारा कोणी ना कोणी मदतीला येतोच, त्याला प्रेमाने थांबवा, तापलेल्या हेडला तडा जाऊ शकतो.

गाडी उचलायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा, पुढची चाकं उचलून नेणारा टो नको, लो गाडीचा पुढचा बंपर आणि खालचं कव्हर तिथेच जाईल. टो करायचा हूक बहुतेक गाड्यांत टूलकिटमध्ये वेगळा असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो स्क्रू करायचा. तो गाडीत आहे का हे आज घरी बघा, हायवेवर नाही.

## काय काय लागेल

- ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि फॉल्ट कोड फोनवर दाखवतो), काही शेकड्यात मिळतो. आयफोन असेल तर आधी विचारून घ्या, स्वस्तातले बरेच ब्लूटूथवाले त्याला जोडले जात नाहीत, वायफायवाला लागतो.
- इन्फ्रारेड थर्मामीटर, तो पिस्तुलासारखा, आणि सोबत काळी इन्सुलेशन टेप
- मल्टिमीटर, लॅमिंग्टन रोडला जाणं झालं तर तिथून घ्या
- चांगला टॉर्च, ग्लोव्हज, सुकी पुठ्ठ्याची शीट, पर्मनंट मार्कर
- कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर. विकत घेऊ नका, ज्या गॅरेजमध्ये आहे त्यांच्याकडे जा. नाहीये म्हणाले तर ते गॅरेज ह्या कामासाठी नाही.
- कागद: आरसी (चॅसिस नंबर त्यावर असतो आणि पार्ट त्यावरूनच मागवायचा, मॉडेलच्या नावावरून नाही), इन्शुरन्स पॉलिसी आणि तिच्यातला रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, पीयूसी, आणि मागच्या मालकाची जेवढी मिळतील तेवढी सर्व्हिस बिलं

इन्शुरन्सबद्दल गैरसमज नको, साध्या पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन कव्हर नसतं, इंजिन तापून गेलं तर खर्च तुमचाच. उचलून न्यायचा खर्च ॲड-ऑन घेतला असेल तर निघतो.

## १. खरंच तापतेय का ते बघा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच युरोपियन गाड्यांत तो मुद्दाम आळशी केलेला असतो, साधारण ७५ पासून ११० पर्यंत काहीही असलं तरी मधेच उभा, आणि हलला की डायरेक्ट वर. काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त दिवा.

स्कॅनर लावा, कूलंट टेंपरेचरचा आकडा बघा. रात्रभर उभ्या गाडीत इग्निशन ऑन करून (इंजिन चालू न करता) तो आकडा बाहेरच्या हवेच्या आसपास पाहिजे. मुंबईत सकाळी २८ असताना स्कॅनर ५५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. चालू गाडीत बहुतेक इंजिनं ८५ ते १०५ मध्ये असतात, काही बीएमडब्ल्यू मुद्दाम त्याच्याही जरा वर चालवतात, म्हणून १०५ बघून लगेच घाबरू नका. ११५ च्या वर जाऊन तिथेच राहिला तर घाबरा.

कोड पण वाचून घ्या. पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं, पी०१२८ म्हणजे इंजिन पुरेसं गरमच होत नाही, पी०११७ आणि पी०११८ सेन्सरच्या सर्किटचे, पी०४८० फॅन कंट्रोलचा. वाचायच्या आधी डिलीट करू देऊ नका, गॅरेजमध्ये पोरं सवयीने आधी क्लिअर मारतात.

## २. कधी तापते ते लिहून काढा

सगळ्यात महत्त्वाचं आणि फुकट काम. फोनमध्ये नोट करा: कुठे, स्पीड किती, एसी चालू होता का, चालू केल्यापासून किती वेळाने, स्कॅनरचा आकडा.

सिग्नलला तापते, चालायला लागली की उतरते. फॅन, नाहीतर फॅनपर्यंत हवा पोचत नाही. ८० ने जाताना समोरून वारा फुकट मिळतो, सायनला उभं राहिलात की सगळं फॅनवर. थेट पायरी ४ आणि ५.

ट्रॅफिकमध्ये ठीक, पण हायवेला किंवा घाटात तापते. फॅनचा ह्यात फारसा संबंध नाही. रेडिएटर आतून चोक, वॉटर बॉडी पुरेसं पाणी ढकलत नाही, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, कूलंट कमी, किंवा हवेचे डक्ट गायब.

थंड गाडी चालू केली आणि काही मिनिटांतच चढली. आत हवा अडकलीय, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत जॅम, पंप मेलाय, किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय.

काटा उडी मारतो, वर-खाली-वर. वायरिंग, सेन्सर, किंवा आत हवेचे बुडबुडे.

फक्त एसी लावला की. कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसतो, स्वतःची उष्णता मागे ढकलतो, त्यात फॅनचा स्लो स्पीड बंद असला की झालंच.

गरमच होत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा आधीच्या कोणीतरी काढूनच टाकलाय. हे आपल्याकडे फार आहे, पुढे बोलतो.

## ३. थंड गाडी, टॉर्च आणि पुठ्ठा

सकाळी थंड गाडीत कूलंटच्या टाकीची लेव्हल बघा. मिड-इंजिन गाडीत टाकी पुढच्या बोनेटखाली शोधत बसू नका, पोर्शे बॉक्सस्टरमध्ये ती मागच्या डिकीत आहे. टाकीवर मार्करने आजची रेघ आणि तारीख मारा.

रात्री खाली पुठ्ठा पसरून ठेवा. एसीचं पाणी पण ठिबकतं, त्याला रंग नसतो नि बोटाला चिकट लागत नाही, कूलंट बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. (स्टॅक पार्किंगमध्ये गाडी वर असेल तर पुठ्ठ्याची गरज नाही, खालच्या गाडीचा मालक येऊन सांगतो.) लीक कायम ओली दिसेलच असं नाही. गरम इंजिनवर कूलंट सुकून जातं आणि मागे पांढरा, हिरवट नाहीतर गुलाबी खरपूड उरतो. टाकीच्या जोडावर, होजच्या क्लिपखाली, पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी हा खरपूड शोधा. पंपाच्या त्या भोकातून ओघळ दिसला तर आतलं सील गेलंय, पंप बदलायचा, वाद नाही.

पुढे इंजिन नसलेल्या गाड्यांत पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत लांब पाईप पोटाखालून जातात. चुकीच्या जागी जॅक लावून दाबलेला पाईप मी बघितलाय, बाहेरून काहीच गळत नव्हतं. स्पीडब्रेकरला घासणाऱ्या गाडीचं खालचं कव्हर एकदा लिफ्टवर काढून बघाच.

कूलंट सांडलं तर लगेच पुसा, धुवा. गोड असतं म्हणून सोसायटीतली मांजरं-कुत्री चाटतात आणि इथिलीन ग्लायकॉल त्यांना मारतं. काढलेलं कूलंट उघड्या टबात ठेवून जेवायला जायचं नाही.

## ४. हवेचा रस्ता

इथे जास्त वेळ द्या. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीला लागून, रेडिएटर खाली, बंपरच्या कोपऱ्यात, त्यामुळे रस्त्यावरचं सगळं तीच खाते. बॉक्सस्टर, पोर्शेचीच ९११ ह्यांत दोन्ही बाजूंना रेडिएटर, पुढे कंडेन्सर, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत सुकी पानं, सोनमोहराच्या पाकळ्या, गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशवीचा तुकडा. ग्रिलमधून टॉर्च मारला की कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि माणूस म्हणतो साफ आहे. कचरा त्याच्या मागे असतो. बंपर काढल्याशिवाय तो दिसतच नाही.

धुताना कारवॉशचं प्रेशर वॉशर जवळून मारू देऊ नका, पातळ फिन्स आडव्या होतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद. साधा पाईप, कमी प्रेशर, शक्यतो मागून पुढे. समुद्राजवळ राहत असाल तर फिन्सना बोट लावून बघा, खाऱ्या हवेने खाल्लेल्या असल्या तर भुगा हातात येतो, तो रेडिएटर धुवून सुधारत नाही.

आता डक्ट. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत प्लास्टिकचे बोगदे असतात, वर-खाली फोमच्या पट्ट्या असतात. हवा आळशी असते, बाजूने सोपा रस्ता मिळाला तर रेडिएटरमधून जाणारच नाही. गाडीला पुढून कधी ठोक बसला असेल आणि बॉडीशॉपने बंपर लावताना हे डक्ट परत बसवले नसतील (उरलेले पार्ट, कशाला लागतायत) तर बाहेरून पेंट चकाचक आणि कोस्टल रोडला ८० वर गाडी तापतेय असा प्रकार होतो. नवीन वॉटर बॉडी टाकून हे जात नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुन्या पार्टच्या दुकानांत डक्ट, फॅनची फ्रेम असलं काही मिळालं तर जरूर घ्या, पण थर्मोस्टॅट, पंप, कॅप, होज हे जुने कधीच नाही.

## ५. फॅन

इंजिन चालू, गाडी उघड्यावर. बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून टेस्ट करत बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एसी लावा. बहुतेक गाड्यांत लगेच फॅन स्लो स्पीडवर फिरायला पाहिजे, आणि दोन फॅन असतील तर दोन्ही. मग एसी बंद करून आकडा चढू द्या, साधारण १०० च्या पुढे कुठेतरी फास्ट स्पीड लागला पाहिजे. ११० आला आणि फॅन गप्प, तर इंजिन बंद करा, उत्तर मिळालं.

स्लो नाही पण फास्ट चालतो, हा फार कॉमन प्रकार आहे. ९८६ (पहिल्या पिढीच्या) बॉक्सस्टर आणि त्या काळातल्या ९९६ पिढीच्या ९११ मध्ये स्लो स्पीडसाठी वेगळा रेझिस्टर असतो, पुढेच, पाण्या-चिखलात, तो गंजून जातो. फॅन शाबूत असतो आणि गॅरेजवाला आख्खी फॅन मोटर बदलायला सांगतो. मल्टिमीटरने फॅनच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतायत का बघा. येतायत आणि फिरत नाही तर मोटर. येत नाहीत तर मागे फ्यूज, रिले, रेझिस्टर, मग मॉड्यूल, ह्याच क्रमाने. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली असेल तर कनेक्टर उघडून आत हिरवा गंज आहे का ते आधी.

फॅन फिरतोय म्हणजे झालं असं पण नाही. ग्रिलसमोर टिश्यू पेपर धरा, रेडिएटरमागचा फॅन असेल तर पेपर ग्रिलकडे ओढला गेला पाहिजे. उलट फडफडला तर कोणीतरी वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन समोरच्या वाऱ्याशी भांडतोय.

हात घालण्याआधी लक्षात ठेवा, इंजिन बंद केल्यावरही फॅन आपोआप सुरू होऊ शकतो.

"साहेब, फॅन डायरेक्ट करून देतो", हे ऐकलं की नाही म्हणा. स्विचवर डायरेक्ट केलेला फॅन आज गाडी घरी नेईल, पण खरा फॉल्ट तसाच राहील आणि पातळ वायर तापून वेगळंच काहीतरी जळेल.

## ६. थर्मोस्टॅट आणि वॉटर बॉडी

थंड गाडी चालू करा आणि आकडा बघत बघत रेडिएटरकडे जाणारा होज हाताने चाचपत राहा. साधारण ८० ते ९० च्या मध्ये (इंजिनप्रमाणे थोडं इकडेतिकडे) तो पटकन गरम व्हायला पाहिजे. आकडा १०५ आणि होज अजून गार, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा पंप ढकलत नाहीये.

इन्फ्रारेड पिस्तूल चकचकीत ॲल्युमिनियमवर मारलं की खोटं वाचतं, १०० चं ६० दाखवेल. जिथे मोजायचं तिथे काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर मारा. रेडिएटरच्या अंगावर पण फिरवा, मधेच मोठा गार पट्टा सापडला तर तेवढा भाग आतून चोक आहे.

पंपाचं पातं काही इंजिनांत प्लास्टिकचं असतं, ते तुटलं तरी पुली मस्त फिरत राहते, बाहेरून कळत नाही. बीएमडब्ल्यूच्या एन५२, एन५४ इंजिनांमध्ये पंप इलेक्ट्रिक आहे, बेल्टच नाही, आणि तो न गळता, न आवाज करता एक दिवस बंद पडतो, तिथे स्कॅनर हाच डॉक्टर.

आता तो सल्ला: "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे आहे." थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिनाला ठरलेल्या तापमानात ठेवायला असतो. काढलात तर इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइल खराब होतं, आणि काही इंजिनांत तो बायपासचा रस्ता पण बंद करतो, म्हणजे काढल्यावर थोडं कूलंट रेडिएटरला टांग मारून परत इंजिनात फिरतं, आणि गाडी उलट जास्त तापते.

## ७. प्रेशर आणि कॅप

अर्ध्या कूलंट-अर्ध्या पाण्याचं मिश्रण उघड्यावर १०६-१०७ ला उकळतं, १ बार प्रेशर दिलं की १२५ च्या पुढे. हे प्रेशर कॅप धरून ठेवते. कॅप गेली की बाकी सगळं ठीक असूनही कूलंट उकळून बाहेर. सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

टेस्टर थंड गाडीला लावायचा, कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकं प्रेशर द्यायचं, १५-२० मिनिटं सुई हलता कामा नये. हलली आणि बाहेर थेंब नाही, तर आतल्या कार्पेटखाली हात घाला (हीटर कोअर, म्हणजे हीटरचा तो छोटा रेडिएटर, तिथे असतो), तिथे पण कोरडं असेल तर पुढची पायरी.

## ८. हेड गॅस्केट, आणि त्याची उगाच भीती

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी मलई दिसली की लोक लगेच हेड गेलं म्हणतात. पावसाळ्यात रोज घर ते स्टेशन एवढीच चालणाऱ्या गाडीत दमटपणाने पण ती येते. डिपस्टिकवर पण तसंच असेल तर मात्र काळजी.

खरी लक्षणं: थंड चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटात होज दगडासारखा टणक, टाकीत सतत बुडबुडे, गरम झाल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर, बाहेर लीक नसताना गाडी पाणी पिते. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करा, टाकीच्या तोंडावर निळं लिक्विड धरतात, एक्झॉस्टचा गॅस आला तर ते पिवळं होतं. हे न करता हेड उतरवू देऊ नका. मिड-इंजिन गाडीत हेड उतरवणं म्हणजे बहुतेक वेळा इंजिनच खाली काढणं.

## ९. भरणं आणि हवा काढणं

दुरुस्ती बरोबर होऊन सुद्धा गाडी परत तापते ती इथे. लांब पाईपवाल्या गाडीत पंधरा लिटरच्या वर कूलंट मावतं आणि वरून ओतून टाकी भरली म्हणजे सिस्टिम भरली असं होत नाही. व्हॅक्युमने भरणारं गॅरेज शोधा. इलेक्ट्रिक पंपाच्या त्या बीएमडब्ल्यूंमध्ये बॅटरीला चार्जर लावायचा, इग्निशन आणि लो बीम ऑन, इंजिन बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर सगळ्यात कमी, आणि ॲक्सिलरेटर १० सेकंद पूर्ण दाबून धरायचा, पंप स्वतः साधारण १२ मिनिटं फिरून हवा काढतो.

कूलंट रंगावरून घेऊ नका, दोन कंपन्यांचा हिरवा वेगळा असू शकतो. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन बघा. आधी काय भरलंय माहीत नसेल तर टॉप-अप नको, पूर्ण काढून भरा. पाणी डिस्टिल्ड, नळाचं किंवा बोअरिंगचं नाही, त्यातला क्षार आत बसतो. आणि लीक बंद करायची पावडर, हळद, असलं काही नको, ट्रकवाले वापरतात म्हणे, पण ह्या गाड्यांच्या रेडिएटरच्या आणि हीटर कोअरच्या नळ्या बारीक असतात, हळद भोक बुजवायच्या आधी त्या बुजवते.

## १०. ट्रायल

आधी उभ्या गाडीत एसी लावून २० मिनिटं, आकडा बघत. मग सकाळी लवकर कोस्टल रोड किंवा सी लिंक, एकसारख्या स्पीडला. मग मुद्दाम संध्याकाळचा जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). तिन्ही पास झाले तरच घाट, आणि तोही पहिल्यांदा एक्सप्रेसवेच्या गर्दीत नको, घाटात थांबायला जागा नसते.

प्रत्येक ट्रायलनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत मार्करची रेघ बघा. पहिल्या एक-दोन वेळा लेव्हल थोडी खाली जाईल, उरलेली हवा बाहेर येतेय, भरून घ्या. त्यानंतरही लेव्हल उतरतच राहिली तर परत पायरी ३ आणि पुठ्ठा.